चिमटीची झुलपं

१९ डिसेंबर

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर गिऱ्हाइकांचं डोकं खाता, संध्याकाळी वर आलात की आमचं. आता थोडं वहीचं खा." पोरीची जीभ माझ्यावरच गेलीय, तेव्हा रागवायचं कुणावर?

तर लिहितो. खाली सलून, वर घर. दोन खुर्च्या आहेत, पैकी एक चालू. दुसरीवर वर्तमानपत्रं बसतात. हात अजून थरथरत नाही, तेवढं बास.

उद्यापासून शाळांना वर्षअखेरची सुट्टी. लेक आणि तिचा मुलगा ढब्बू माझ्याजवळच राहतात, त्यामुळे ते आहेतच. पण यंदा मुलगाही येतोय, नव्या संसारासकट. मार्चमध्ये त्याने लग्न केलं. सुनेचं हे दुसरं लग्न, तिला पहिल्या लग्नाची सात वर्षांची मुलगी आहे. अंगाने एवढी बारीक, की तिला सगळे चिमटी म्हणतात. लग्नात पाहिली तेवढीच. आता पहिल्यांदा आमच्याकडे राहायला येतेय.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तिला तिथे करमलं तर ठीक. नाहीतर दरवर्षी यायचं जरा अवघडच आहे." तो सहज बोलला असेल, पण मला ते लागलं. दरवर्षीची सुट्टी सोडली तर माझ्या वाट्याला मुलगा येतो कधी? तेव्हा ठरवून टाकलं: पोरीला या घरात परकं वाटू द्यायचं नाही. मग मला काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल.

२२ डिसेंबर

आली मंडळी. सून दातांच्या दवाखान्यात काम करते, तिला सुट्टी नाही, रोज इथूनच जाऊन येऊन करणार. बोलते कमी, हसते डोळ्यांनी. मला आवडली. चिमटीने बूट काढून जोडीने नीट ठेवले, सगळ्यांना बघितलं, आणि विचारलं, "मी कुठे झोपायचं?" एकदम मुद्द्याचं.

माझ्या मुलाला ती 'चष्मेवाला' म्हणते. तो चष्म्याच्या दुकानात आहे म्हणून. लेक हसून हसून बेजार झाली. मला नाही हसू आलं. घरातल्या माणसाला काय असं दुकानाच्या नावाने हाक मारायची? पण गप्प बसलो.

एका गोष्टीवर मात्र गप्प बसणं फार जड गेलं. पोरीचे केस. मागचे ठीक आहेत, पण कपाळावरची झुलपं नुसती रान माजल्यासारखी. एका बाजूला नाकापर्यंत, दुसऱ्या बाजूला पार हनुवटीला टेकलेली. मुळात कुणीतरी वाकडी कापली असणार आणि मग तशीच वाढली. दोन्हीकडून चाप लावून मागे दाबलेली, तरी बट सुटते आणि ताटात पडते.

"कुणी कापली होती गं?" मी विचारलं.

"बाबाने."

"काय करतो तुझा बाबा?"

"पाट्या रंगवतो. दुकानांच्या."

म्हणजे दुकानावरची अक्षरं सरळ आणि पोरीचं कपाळ वाकडं. हे मी बोलणार होतो, पण लेकीने डोळे वटारले.

"डोळ्यांत जात नाहीत का?" मी तरी विचारलंच.

"जातात. पण वाढवतेय."

"कुठवर वाढवणार?"

"पहिल्या तारखेपर्यंत."

लहान मुलांचं काय, कुठलीतरी तारीख डोक्यात बसते. माझे हात मात्र असे शिवशिवत होते की शेवटी खाली जाऊन उगाच कंगवे धुतले.

२५ डिसेंबर

दिवसभर सलूनमध्ये गर्दी. वर्ष संपत आलं की सगळ्यांनाच आपल्या डोक्याची आठवण येते. दोन्ही पोरं बाकावर बसून होती. गिऱ्हाइकांच्या पायांत लुडबूड नको म्हणून मी त्यांना टॉवेलच्या घड्या घालायला लावल्या. घड्या घालता घालता त्यांचं जे चाललं होतं ते आरशातून दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

चिमटी म्हणाली, "तुझा बाबा कुठे राहतो?"

ढब्बू म्हणाला, "मला नाहीच. आईचं लग्न झालं नाही. ती मला आश्रमातून आणायला गेली होती. मी तेव्हा आठ महिन्यांचा होतो. तिला बघितल्यावर मी तिचा चष्माच ओढला, म्हणून तिने मला घेतलं."

"चष्मा ओढला म्हणून?"

"असं ती सांगते."

चिमटीने एक टॉवेल उलगडून परत घडी घातली. "मला दोन आहेत. एक बाबा आणि एक चष्मेवाला. चष्मेवालापण खराच आहे, पण नवा आहे."

"मग सुट्टीचं कसं करता?"

"अर्धी अर्धी. पहिल्या तारखेला बाबा न्यायला येतो. मग आम्ही आकडा काढतो."

"कसला आकडा?"

"नव्या वर्षाचा. दारावर. माझ्याशिवाय नाही काढता येत त्याला."

"का?"

"नाहीच येत."

ढब्बूला हे पटलं. पोरांना किती पटकन पटतं. तीन वाक्यांत दोघांनी एकमेकांची घरं समजून घेतली, आणि खुर्चीतलं माझं गिऱ्हाईक, चांगलं बँकेतलं, माझ्या कानाशी येऊन विचारतं, "ही नेमकी कुणाची कोण?" मी म्हटलं, "मान खाली."

खरं सांगायचं तर गोंधळ माझाही होतो. चुलत, मावस, आते, मामे, साडू, जाऊ, नणंद, व्याही, सगळ्यांना शब्द आहेत आपल्याकडे. सुनेच्या आधीच्या नवऱ्याला काय म्हणायचं? तो माझा कोण? काहीतरी असणारच. त्याची पोर माझ्या टॉवेलांच्या घड्या घालतेय.

२८ डिसेंबर

आज माळ्यावरून फळी काढली. वर्षभर सलूनमध्ये एक प्लास्टिकची उंच गादी वापरतो, पण घरच्या पोरांना फळीच.

खुर्चीच्या दोन्ही हातांवर ती आडवी टाकली की लहान मूल बरोबर माझ्या उंचीला येतं. ही फळी माझ्या वडिलांची. तिच्यावर मी बसलो, भाऊ बसला, मग माझी दोन, भावाची चार, बहिणीची तीन. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळं घर जेवायला एकत्र यायचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी पोरं केस कापायला खाली. रांग पार जिन्यापर्यंत लागायची. आधी सगळ्यात धाकटं. एक रडायचं, एक झोपायचं, मुलगा तर दरवर्षी ऐन वेळी 'शू' म्हणायचा. बायको पावडरचा ब्रश घेऊन शेजारी उभी. मी कापायचं, तिने मान झाडायची आणि पोराला उचलून खाली ठेवायचं. त्याआधी खुर्चीची एक गरकन गिरकी. मग दुपारी सगळी एकसारखी डोकी घरभर फिरायची. मागून बघितलं तर कुणाचं कोणतं, कळायचंच नाही. आया चुकायच्या. एकदा माझ्या वहिनीने आमच्या लेकीला धरून भलताच धपाटा घातला होता. त्यात केवढी गंमत होती. बायको म्हणायची, "आज सगळी एका साच्यातली."

आता भावाची पोरं परदेशात, बहिणीची मोठी झाली, बायको नाही. गेली दोन-तीन वर्षं फळीवर एकटा ढब्बू. एका पोराची रांग ती काय रांग? यंदा दोन आहेत. फळी पुसताना आज मी चक्क शीळ घालत होतो. लेक म्हणाली, "काय बाबा, स्वारी खुशीत?" आहे. का नसावी?

२९ डिसेंबर

सकाळी सुनेला सांगितलं, उद्या चिमटीचा नंबर पहिला.

ती दवाखान्यात जायच्या गडबडीत होती, पर्स शोधत होती. थांबली. म्हणाली, "बाबा, तिचे केस यंदा राहू दे का? तिचं जरा वेगळं आहे."

मी म्हटलं, "वेगळं-बिगळं काही नाही. या घरात सगळी पोरं सारखी."

"तसं नाही, म्हणजे तिच्या बाबाचं आणि तिचं..." तेवढ्यात तिला न्यायला गाडी आली, बाहेर हॉर्न वाजला. "संध्याकाळी बोलते," म्हणून पळाली. संध्याकाळी उशीर झाला तिला, दमून आली, विषय राहिला.

मला समजलं नाही असं नाही. तिला वाटतं, सासऱ्यावर आपल्या पोरीचा भार नको. तिचा बाबा काही म्हणेल ही धास्तीही असेल. बिचारी. तिला माहीत नाही, या म्हाताऱ्याचं मन मोठं आहे. ढब्बू घरात आला तेव्हा शेजारी काय काय बोलले, पण फळीवर तो पहिल्याच वर्षी बसला. तसंच हे. एकदा का पोर फळीवर बसली की ती आमची. मग कुणाची हिंमत आहे तिला सावत्र म्हणायची?

३० डिसेंबर

झालं. मनासारखं झालं.

सून कामावर, मुलगा आणि लेक उद्याचं सामान आणायला गेलेले. चिमटी फळीकडे बघत दाराशी उभी होती. मी म्हटलं, "चला, धाकट्यांचा मान पहिला." ती म्हणाली, "माझे नाही कापायचे." ढब्बू म्हणाला, "घाबरू नको, आजोबांच्या हातून रक्त येत नाही." मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली. हा चष्मेवाला याच फळीवर कसा बसायचा, कसा 'शू' म्हणायचा, ढब्बूची आई कशी झोपायची. हसली. म्हटलं, "या घरातलं प्रत्येक पोर इथे बसलंय. तू नाही बसणार?" आली आणि बसली.

कापड गळ्याभोवती बांधलं तर दोन्ही हात काढून कपाळावर धरले. किती लाजाळू. मी हलकेच हात खाली केले, चाप काढले, झुलपं ओली केली, आणि एका रेषेत, भुवईच्या वर बोटभर अशी कापली की सांगता सोय नाही. काय गोड दिसायला लागली. दोन डोळे पहिल्यांदा पूर्ण दिसले. कापताना मात्र डोळे मिटून बसली होती, हललीसुद्धा नाही. एवढी शहाणी पोर मी या खुर्चीत पाहिली नाही. गिरकी दिली तरी आवाज नाही.

मग ढब्बू. मग झाडलोट. दोघांचे केस एका ढिगात पडले होते, एक काळे, एक तपकिरी. बायको असती तर म्हणाली असती तिचं ते वाक्य.

संध्याकाळी मुलगा आणि लेक बाजारातून यायच्या आधीच चिमटी झोपली. दमली असेल.

३१ डिसेंबर

काय लिहू? तोंडात मारल्यासारखं झालंय.

काल सून उशिरा आली तेव्हा पोर झोपलेली होती. सकाळी चिमटी बाहेर आली, सुनेने तिला पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. ओरडली नाही. पोरीला जवळ घेतलं, तिच्या कपाळावर हात फिरवला. मग मला म्हणाली, "बाबा, केस कुठे आहेत?"

"कुठले?"

"कापलेले."

केराची गाडी सकाळीच येऊन गेली होती. तरी मी खाली गेलो. डबा रिकामा. तळाला ओल्या कागदाखेरीज काही नाही. पायरीवरच बसलो, तिथे येऊन तिने सांगितलं.

चिमटीचा बाबा दर पहिल्या तारखेला तिची झुलपं कापतो. रंगाच्या उलट्या डब्यावर बसवून, त्याच्या पाट्यांच्या कारखान्यात. मग ते केस दोऱ्याने घट्ट बांधून, काडीला लावून त्याचा ब्रश करतात. त्या ब्रशाने दोघं मिळून दारावर नव्या वर्षाचा आकडा काढतात. पोर जन्मली त्या वर्षापासून. पहिला आकडा जावळाच्या केसांनी काढला होता. ब्रशासाठी केस लांब हवेत, म्हणून वर्षभर झुलपं वाढवायची. शाळेत बाई ओरडतात, डोळ्यांत जातात, तरी वाढवायची.

"त्या घरात आता तो एकटाच असतो," ती म्हणाली. "मी ते घर सोडलं. पण तिचं तिथलं काही मी सुटू दिलं नव्हतं."

मी म्हटलं, "तू मला नीट सांगायला हवं होतंस." लगेच जीभ चावली. तिने सांगितलं होतं. पोरीनेही सांगितलं होतं. मीच ऐकून ऐकलं नाही.

"मग ती फळीवर बसली का?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, या घरातलं प्रत्येक पोर बसतं."

मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुपारचं मोठं जेवण झालं, सगळं साग्रसंगीत. चिमटी ताटातलं इकडून तिकडे करत होती. ढब्बूने तिला आपल्या वाटणीचं गोड दिलं, तिने ते परत त्याच्या ताटात ठेवलं. जेवणं झाल्यावर चिमटीने मुलाला विचारलेलं ऐकलं, "चष्मेवाल्या, पुढच्या वर्षी आपण आपल्याच घरी राहू या?" तो म्हणाला, "बघू." मी तिथून उठलो.

तिला आपली करायला गेलो आणि तिचं होतं तेच उचलून केरात टाकलं. उद्या तो येणार न्यायला. काय तोंड दाखवू?

१ जानेवारी

दहाच्या सुमाराला आला. किडकिडीत माणूस, नखांत निळा रंग. चिमटी पळत जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. कपाळावर दोन्ही हात.

त्याने हळूच हात बाजूला केले. बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा असा उतरला, पण लगेच सावरून म्हणाला, "अरे वा. किती सरळ कापलेत. मला नसतं जमलं."

इतका वेळ पोरीने डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. ते ऐकलं आणि फुटली. "मी नाही म्हटलं होतं रे," म्हणत त्याच्या पोटात तोंड खुपसून रडली.

मी पुढे झालो. म्हटलं, "पेंटर, हे मी केलं. तिचं काही चुकलं नाही. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही."

तो म्हणाला, "असू दे. तुम्ही मायेनेच केलं असणार. यंदा बाजारातल्या ब्रशाने काढू आकडा." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ढब्बू जिन्यावर बसला होता. म्हणाला, "माझे दिले असते, पण आजोबांनी माझेही उडवलेत." मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "आजोबांचे आहेत की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे केस मानेवर रुळतात. सलूनवाल्याला शोभत नाही, लोक हसतात, पण मी वाढू दिलेत. मी चिमटीच्या समोर गुडघे टेकून बसलो. गुडघे कुरकुरले. म्हटलं, "पांढरे आहेत, जाड आहेत. तुझ्यासारखे मऊ नाहीत. चालतील का, ते तू सांग. नाही म्हणालीस तर नाही."

तिने बोटांनी माझ्या मानेवरचा एक झुपका धरला, चोळून बघितला, बाबाला विचारलं, "रंग धरतील?"

पेंटर म्हणाला, "पांढरे जास्त धरतात."

"मग कोण कापणार?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलायचं नाही. आणि हलायचं नाही."

मी माझ्याच खुर्चीत बसलो, किती वर्षांनी देव जाणे. चिमटीने माझ्या गळ्याला कापड बांधलं. पेंटरने तिला उचलून धरलं, कैची तिच्या हातात दिली, तिच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांचाही हात वाकडा. एकीकडे कैची कानाच्या वर गेली, दुसरीकडे शेपटी राहिली. आरशात सगळं दिसत होतं. समोर मुलगा उभा होता, सून उभी होती.

बायको माझे केस कापायची. तिला येत नव्हतं. मी शिकवायला गेलो की म्हणायची, "गप बसा, आता तुम्ही गिऱ्हाईक." डावीकडे नेहमी जास्त जायचे. लोक म्हणायचे, सलूनवाल्या, तुझं डोकं कुणी कुरतडलं? आणि मी ते कधी, एकदाही, सरळ केलं नाही. ती गेल्यावर कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून तर हे एवढे वाढलेत. हे सगळं मला माहीत होतं. स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होतो. आणि पोर कपाळावर हात धरून बसली तेव्हा मला वाटलं, लाजतेय.

ब्रश इथेच सलूनमध्ये बांधला. दोरा सुनेने दिला, काडी ढब्बूने शोधली. गाडीत बसताना चिमटीने तो दोन्ही हातांत उभा धरला होता. मुलाने मला जिन्यावर विचारलं, "बाबा, दमलात?" कालपासूनचं त्याचं पहिलं वाक्य. मी नाही म्हटलं. पण दमलो होतो.

२ जानेवारी

सकाळी सलून उघडलं. पुढे आरसा, मागे आरसा, लपायला जागा नाही. डोक्याचा पार बट्ट्याबोळ. उजव्या कानामागे एक झुपका तसाच लोंबतोय. सवयीने हात कैचीकडे गेला. एका फटक्यात सरळ झालं असतं.

तेवढ्यात फोन. पलीकडे चिमटी. "आकडा झाला. थोडा जाड आला. बाबा म्हणतो, यंदाचं वर्ष दांडगं आहे."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुम्ही केस नीट नाही ना केले?"

"नाही केले."

"करू नका. पुढच्या वर्षीपर्यंत वाढवा. मी आल्यावर कापीन."

ठेवला तिने फोन. पहिलं गिऱ्हाईक आत आलं, तेच बँकेतलं. माझ्याकडे बघून दारातच उभं राहिलं. "हे काय? कुणी कापले?"

"नातीने," मी म्हटलं. "बसा."